गोवराची साक्ष

आमच्या घरात कुणाच्याही बोलण्यावर लगेच विश्वास ठेवायची पद्धत नव्हती. वडील अमरावतीच्या कोर्टात वकील. दिवसभर दुसऱ्यांच्या साक्षी उलटतपासायच्या, आणि संध्याकाळी काळा कोट खुंटीला लावला तरी ती सवय अंगावरच राहायची. आई कोर्टाची पायरी कधी चढली नव्हती, पण ती वडिलांच्या वरताण होती. गवळी समोर असतानाच दुधाचा थेंब नखावर धरायची, आणि थेंब टिकला तरी म्हणायची, "आज बरं आणलं. काहून बरं?" चांगल्या दुधाचाही तिला संशय यायचा. या दोघांची मी थोरली लेक. शाळेतल्या बाईंनी माझ्या अक्षराचं कौतुक केलं की यांना आमच्या वलगावच्या शेतातली तूर हवी असणार, असं मला वाटायचं.

अशा घरात एक गोष्ट मात्र कुणी कधीच तपासली नव्हती. ती म्हणजे, धाकटीला गोवर येऊन गेला आहे.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. मी पंधराच्या आसपास, धाकटी बहीण नऊ-दहा वर्षांची. एका सकाळी ती उठली ती डोळ्यांच्या फटीतून बघत. पापण्या फुगलेल्या. आईला वाटलं रडून झोपली असेल. मग पाय सुजले, पोट सुजलं, फ्रॉकची बटणं लागेनात. शेजारणी म्हणाल्या, पोरगी बाळसं धरून राहिली. आईनं त्या सगळ्यांची दृष्ट काढली, म्हणजे त्यांनी लावलेली. शेवटी नागपूरला शिकून आलेल्या एका डॉक्टरांना बोलावलं. आई त्यांच्यावरही नाराज, कारण ते मुलीला हात लावायच्या आधी साबणानं हात धुवायचे. "तपासून झाल्यावर धुवावं," ती म्हणायची. "आधी धुतात म्हणजे कुठून आले असतील?"

डॉक्टरांनी मूत्रपिंडाचा आजार सांगितला, मीठ बंद केलं आणि मुंबईहून नव्या गोळ्या मागवल्या. गोळ्यांनी सूज उतरायला लागली. चेहरा मात्र गोल झाला, गाल लाल झाले, आणि पोरगी भाकरीच्या डब्याभोवती फिरायला लागली. घरात जरा हसू आलं, तेव्हा डॉक्टरांनी वडिलांना समोर बसवलं.

"या गोळ्या सूज उतरवतात, पण अंगातली राखणही झोपवतात," ते म्हणाले. "बाहेरचा रोग आला तर अंग झुंजणार नाही. मला सगळ्यात भीती गोवराची आहे. दुसऱ्या मुलांना तो आठ दिवस लोळवतो आणि जातो. हिला घेऊन जाईल. हिला गोवर येऊन गेलाय का?"

आईनं उत्तर द्यायच्या आधी धाकटीची बाही वर सरकवली आणि दंडावरचे व्रण दाखवले.

"ही देवीची लस," डॉक्टर म्हणाले. "गोवराचा हिच्याशी संबंध नाही, आणि गोवराची लस अजून निघालेली नाही. तो एकदा येऊन गेला असेल तरच अंग त्याला ओळखतं."

"मंग तोही आलाय," आई म्हणाली. "अकोल्याला, सगळ्या पोरायसंगं. देवीले दहीभात दाखवला होता तवा."

डॉक्टरांनी वडिलांकडे पाहिलं. डोळ्यांनी पाहिलेला खूनही जे सहजासहजी मानत नसत, त्या माझ्या वडिलांनी मान डोलावली.

हा दहीभात काय होता ते सांगायला हवं. आमच्या घराण्यात एका मुलाला गोवर आला की बाकीच्या घरांतली मुलं मुद्दाम तिथे नेऊन सोडत. एकच मोठी सतरंजी अंथरायची, कडुनिंबाचे डहाळे टांगायचे आणि सगळ्यांना आजाऱ्याच्या अंगाला अंग लावून झोपवायचं. एकदाचं सगळ्यांचं होऊन जाऊ दे, हा हिशेब. अंगावर दाणे दिसले की परसातल्या निंबाखाली देवीला दहीभात दाखवायचा, प्रत्येक मुलाची वेगळी मूद, आणि दाणे उतरले की पुन्हा तसाच. मी सहा-सात वर्षांची असताना अकोल्याच्या काकांकडे अशी सतरंजी अंथरली होती. आई आम्हा दोघींना तिथे सोडून परत गेली होती, कारण वलगावला कापूस वेचणीला आला होता. धाकटी तेव्हा भिंत धरून चालायची. मला त्यातलं आठवतं ते फक्त गरम अंगांचा वास आणि निंबाची पानं. कुणाला काय आलं, काय नाही, ते बघायला तिथे एकच मोठं माणूस होतं. माझी काकू.

काकू अकोटकडची, शेतकरी घरातली. आईनं स्वतः जाऊन तिला पसंत केलं होतं. सुईत दोरा ओवायला लावला, चालून दाखवायला लावलं, पोथी वाचायला लावली. "मी पारखून आणली," असं आई चारचौघींत सांगायची. पण घरी आमचं मत वेगळं पडत चाललं होतं. काकू बोलणाऱ्याकडे सरळ बघायची नाही. मान वळवून, तिरकी बघायची. एखादी गोष्ट सांगितली तर कधी लगेच उत्तर, कधी जणू सांगितलंच नाही असं. पंगतीत कुणी विनोद केला की सगळे हसून झाल्यावर ती हसायची. आणि बसताना नेहमी कोपरा धरायची, डावीकडे भिंत येईल असा. "बनेल आहे," आई म्हणायची. "ऐकून न ऐकल्यासारखं करते." मला तर ती तिरकी मान बघितली की ही आता काहीतरी लपवून राहिली, असं वाटायचंच.

त्या फाल्गुनात आमच्या आळीत गोवर फिरायला लागला. धाकटीला तो येऊन गेलाय असं सगळे म्हणत असले तरी मी दारातच ठाण मांडलं. नाक ओढणारं कोणतंही मूल मी आत येऊ देत नसे. नगरपालिकेचा लस टोचणारा आला, त्यालाही मी अडवलं. या गोळ्या चालू असताना देवीची जिवंत लससुद्धा टोचायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तो माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, "पोरगी लपवता काय? वकिलाच्या घरी असं अडाणीपण?" मी दार लावून घेतलं. त्याच्या पेटीचाही मला भरवसा नव्हता.

बाहेरच्यांवर एवढी नजर ठेवली आणि गोवर घरच्याच माणसाबरोबर आला. धाकटीला बघायला म्हणून काकू अकोल्याहून आली, बरोबर तिचा चार वर्षांचा मुलगा. त्याचे डोळे लालभडक, नाक वाहतं. मी दारातच विचारलं, "याचे डोळे काहून लाल?"

"गाडीतला कोळसा गेला," काकू म्हणाली. "मूर्तिजापूरपासून डोकं बाहेर काढून बसला होता."

मला ते पटलं नाही. पण आईनं मला बाजूला सारलं. "धाकटीले तर येऊन गेला ना," ती म्हणाली. "तू कायले वाट अडवून राहिली?" दोन दिवस तो मुलगा धाकटीच्या पांघरुणात बसून चिंचोके खेळला. तिसऱ्या सकाळी काकू त्याचं तोंड धूत असताना मी पाहिलं. त्याच्या कानांमागे लाल पुरळ होतं, आणि दुपारपर्यंत ते कपाळावर उतरलं.

आईनं ताबडतोब त्याला आणि काकूला बाहेर वडिलांच्या वकिलीच्या खोलीत हलवलं. पक्षकारांना बाभळीखाली बसावं लागलं. डॉक्टरांना निरोप गेला. तोवर घरात कुणी घाबरलेलं नव्हतं. सगळ्यांच्या तोंडी एकच, की हिचा होऊन गेलाय. मी मात्र घाबरले होते, आणि का ते मला सांगता येत नव्हतं.

दुपारी मी परसात गेले. काकू निंबाखाली जमीन सारवून बसली होती. पुढ्यात पितळी ताट, आणि ताटात वाटीनं पाडलेल्या दहीभाताच्या दोन मुदी. हळदीकुंकवाची बोटंही दोन्हींवर.

मी तिच्यासमोर जाऊन बसले. "पोरगा एक आजारी," मी म्हटलं. "मुदी दोन काहून?"

काकूनं मान वळवली. "दोघायची दाखवून देऊ. त्याच्यासंगं खेळली ना ते."

"पण तिची तर दाखवून झाली. अकोल्याला. एकदा आला की पुन्हा येत नाही म्हणतात."

ती काही बोलली नाही. मला वाटलं, आता हिचं न ऐकणं सुरू झालं. मी उठून तिच्या दुसऱ्या अंगाला गेले आणि तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन म्हटलं, "काकू, डॉक्टर म्हणतात, तिले गोवर आला तर ते मरते. तिले तवा दाणे आले होते काय?"

हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. अकोल्याला निरोप गेला होता तो फक्त पथ्याचा आणि सुजेचा. तिच्या हातातली वाटी खाली पडली. "मरते?" तिनं विचारलं. मग पदराचं टोक तोंडात धरून ती हळूहळू बोलायला लागली.

"नाई आले. एका रातीचं अंग कोमट झालं, बस. तुमाले सगळ्यायले भरून आला, तिले नाई. पण मुदी मी सगळ्यायच्या मांडल्या होत्या. देवीसमोर मांडलेली मूद उचलून घेऊ काय? लेकराचं नाव देवीच्या ताटातून काढाव काय? तुझ्या मायनं आल्या आल्या विचारलं, हिचा झाला काय. मी म्हटलं, हो, हलकाच आला. तिनं भरवशानं ठेवली होती. म्हटलं, आज ना उद्या येऊन जाईन."

त्या क्षणी मला काकूचा इतका राग आला की मी ते ताट पायानं लोटलं असतं. लोटलं नाही, कारण त्यात धाकटीची मूद होती.

डॉक्टर आले तेव्हा माजघरात आम्ही सगळे उभे होतो. मी सगळं सांगून टाकलं. आई धाकटीच्या गादीला खेटून बसली. वडिलांनी काकूकडे पाहिलं, कोर्टात बघत असतील तसं. डॉक्टरांनी धाकटीच्या मांडीवर बोट दाबलं. तिथे खळगा पडला आणि तसाच राहिला.

"अजून वेळ गेलेली नाही," ते म्हणाले. "ज्या मोठ्या माणसाला गोवर येऊन गेलाय, त्याच्या रक्तात गोवराशी लढणारं काहीतरी असतं. ते रक्त थोडंसं काढून हिच्या मांडीत टोचायचं. शिरेत नाही, मांसात. उसनी राखण म्हणा. पण सुजलेलं अंग आहे, गळू झालं तर तेही जिवावर बेतेल. म्हणून ज्याचं रक्त घेऊ त्याला गोवर आलाच होता, हे मला नक्की कळायला हवं. बहुतेक सगळ्या मोठ्यांना आलेला असतो. पण बहुतेकवर मी ही सुई टोचणार नाही."

आई म्हणाली, "माझं घ्या." तिला मागच्या पावसाळ्यात कावीळ झाली होती आणि ती याच डॉक्टरांनी पाहिली होती. त्यांनी नकारार्थी मान हलवली, कावीळ रक्तातून जाते म्हणाले. वडिलांचं कुणाला काही माहीत नव्हतं. त्यांची आई ते लहान असतानाच गेली होती. काकाही त्यांचेच भाऊ, त्यांचीही तीच गत. "मला आठवत नाही, आणि सांगणारं कुणी उरलं नाही," वडील म्हणाले.

मी पुढे झाले. काकू लगेच म्हणाली, "हिले आला होता. भरून. मी पायला."

"तुझ्या साक्षीवर आता काय भरवसा ठेवाव?" वडील म्हणाले. ओरडले नाहीत. पण काकूला कुणी मारलं असतं तरी ती एवढी मागे सरकली नसती.

धाकटी गादीवर बसून चिंचोके मोजत होती, आपल्याबद्दल चाललंय हे तिला कळत होतं आणि म्हणून ती वर बघत नव्हती. मला आठवतं, मी मनात देवीला म्हटलं की हिला ठेव, आणि लगेच मनात आलं की ही देवी तरी ऐकून राहिली काय.

मग काकू डॉक्टरांच्या समोर येऊन उभी राहिली. "माझं घ्या," ती म्हणाली. "मले नक्की आला होता."

"कशावरून?" डॉक्टरांनी विचारलं. विचारलं त्यांनी, पण प्रश्न सगळ्या घराचा होता.

काकूनं डोक्यावरचा पदर मागे घेतला. आमच्याकडे जेठासमोर, नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, कुणी असं करत नसे. तिनं डावीकडचे केस वर उचलले आणि कान पुढे केला. "गोवरात हा कान फुटला. महिनाभर पू वाहे. आमच्या गावात तवा घरोघरी गोवर होता, लेकरं गेली आमच्या वाड्यातली. मी वाचली, कान गेला. तवापासून या कानानं मले काहीच ऐकू येत नाई."

डॉक्टरांनी बॅटरी काढून कानात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "पडदा फाटलेला आहे," ते म्हणाले. "जुनाच आहे."

मी आईकडे पाहिलं. सुईत दोरा ओवून घेणारी, चालून दाखव म्हणणारी माझी आई तोंडाला पदर लावून त्या कानाकडे बघत होती. कानानं अधू मुलगी लपवून दिली, हे कळल्यावर माहेरी पाठवून दिलेल्या बायका आम्हाला ऐकून माहीत होत्या. काकूलाही माहीत होत्या. म्हणून तर तिनं इतकी वर्षं भिंत डावीकडे घेतली होती.

"तुम्ही पाहाले आले तवा," काकू आईला म्हणाली, "माय माझ्या डाव्या अंगाले बसून होती. उठलीच नाई. वहिनी, यायले सांगू नका." यांना म्हणजे काकांना.

आई उठली आणि डॉक्टरांच्या सुया उकळायला पाणी ठेवायला गेली.

काकूच्या दंडातून रक्त काढलं आणि लगेच धाकटीच्या मांडीत टोचलं. धाकटी ओरडली, काकू नाही. आता ऐकते की रक्ताच्या आजारात हाडांतली मज्जाच बदलतात, आणि मग अंग जुना गोवर आणि जुन्या लसी सगळंच विसरतं, पुन्हा पहिल्यापासून टोचावं लागतं. ऐकलं की मला ती सुई आठवते. दुसऱ्याच्या अंगाची आठवण आपल्या माणसाला उसनी द्यायची, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून मानते.

पुढचे दिवस मी धाकटीला एकटं सोडलं नाही. रोज तिची मांडी दाबून बघायची, कानांमागे बघायचं, डोळे उघडून बघायचं. मांडीत गाठ धरली नाही. शेजारच्या मुलाचा गोवर उतरला, काकूच्या मुलाचा उतरला. आणि सगळं टळलं असं आई म्हणू लागली त्या सकाळी धाकटीच्या कानामागे मला दाणे दिसले. मोजके, फिकट. मी डॉक्टरांकडे निरोप पाठवला. डॉक्टर धावत आले, हात धुऊन तिला तपासलं, आणि थोड्या वेळानं म्हणाले, "असाच हवा होता. उसन्या राखणीनं त्याचं बळ मोडलंय." अंग थोडं तापलं आणि उतरलं. ती भाकर मागायला लागली. वडील परसात जाऊन उभे राहिले आणि खूप वेळ आत आले नाहीत.

पुन्हा दहीभात केला. मुदी यावेळीही दोनच, एक काकूच्या मुलाची, एक धाकटीची, पण आता दोघांचेही दाणे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले होते. त्याच दिवशी काका त्यांना न्यायला अकोल्याहून आले. आम्ही निंबाखाली बसलो होतो. काकू ताटासमोर. तिच्या डावीकडे भिंत नव्हती, मोकळं परस होतं, आणि काका नेमके त्या बाजूनं येत होते. आईच्या ते लक्षात आलं. ती हातातलं काम टाकून उठली आणि काकूच्या डाव्या अंगाला, अगदी खेटून, जाऊन बसली.

काका आले. आईच्या पाठीमागून गेले, निंबाला वळसा घातला, काकूच्या उजव्या अंगाला येऊन वाकले आणि हळूच म्हणाले, "पोट्टं बरं आहे ना आता?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. तो वळसा काकांच्या पायांना पाठ होता.

रात्री भांडी आवरताना मी आईला म्हटलं, "काकांना माहीत आहे. पहिल्यापासून."

"असंन," आई म्हणाली. "नसंनही. सवयही असते माणसाले." माझ्या आईनं पुरावा असा एका झटक्यात कधी मानला नाही. पण त्यानंतर अकोला असो की अमरावती, लग्न असो की मौत, आई जिवंत होती तोवर काकूच्या डाव्या बाजूला मी दुसऱ्या कुणाला बसलेलं पाहिलं नाही.